काळी घरे आणि रेड्याची शिंगे

उत्तर थायलंडमधील च्यांग राय शहराबाहेर, नांग ले येथील झाडीत, काळ्या रंगाची ही सुमारे 40 घरे उभी आहेत. ‘बान दाम’, म्हणजे काळे घर, हे या जागेचे नाव. चित्रकार थवन दत्चनी यांनी ती अनेक वर्षे खपून उभारली.

छपराच्या टोकाशी शिंगांसारख्या वर गेलेल्या फळ्यांकडे आधी पाहावे. उत्तरेकडील जुन्या लाकडी घरांवर अशा फळ्या असतात आणि त्यांत रेड्याची शिंगे पाहणारे पुष्कळ आहेत. भातखाचरात पिढ्यान्‌पिढ्या नांगर ओढणारा तो रेडा आतल्या दालनात पुन्हा भेटतो, कारण येथील खुर्च्यांच्या पाठी आणि हात त्याच्याच शिंगांचे आहेत. समोर लांबलचक लाकडी मेजे, त्यांवर अंथरलेली अजगराची कातडी, कडेला ढोल. पाहुण्यांपैकी काहींना हे भीतिदायक वाटते; आम्हाला मात्र यात गावच दिसते, जेथे जनावर जन्मभर राबते आणि मेल्यावरही त्याचे शिंग किंवा कातडे कोणी फेकून देत नाही.

थवन यांचा जन्म 1939 मध्ये च्यांग रायमध्येच झाला. बँकॉकच्या शिल्पाकोर्न विद्यापीठात त्यांना लाभलेले गुरू, मूळचे फ्लॉरेन्सचे शिल्पकार कोराडो फेरोची, थायलंडमध्ये शिल्प भीरश्री या नावाने ओळखले जातात. तुझ्या माशाला वास नाही, तुझा पक्षी उडत नाही, तुझा घोडा दौडत नाही, असे त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला सुनावल्याची कथा प्रसिद्ध आहे. पुढे ॲम्स्टरडॅममध्ये शिकून परतलेल्या थवन यांचे उत्तर या चित्रांत आहे. काळा, लाल आणि सोन्याचा वर्ख, एवढ्यावरच बरेचसे काम भागलेले. कुंचल्याचा फटकारा सुरुवातीला ओला आणि भरीव असतो, शेवटाकडे रंग संपत जाऊन केस विस्कटतात आणि त्याच विस्कटलेल्या रेघांतून घोड्याची आयाळ उभी राहते, गरुडाचे पीस फुलते. माणसाच्या धडावर जनावराचे मुंडके येते, तेव्हा ती माणसाच्याच वासनेची आणि भयाची आकृती असते.

1971 मध्ये बौद्ध धर्माचा अवमान झाल्याच्या समजुतीने विद्यार्थ्यांनी त्यांची चित्रे फाडली. 2001 मध्ये ते राष्ट्रीय कलाकार झाले आणि 2014 मध्ये निवर्तले.

शिंगांच्या खुर्च्या अजून मेजाभोवती मांडलेल्या आहेत.