पपई देऊ नकोस

(दृश्य: बोगोता. सकाळचे सात. ट्रान्समिलेनिओचं एक स्थानक. लाल जोडबस येऊन थांबते, दारं उघडतात.)

कोलंबियाची राजधानी बोगोता. समुद्रसपाटीपासून २,६०० मीटर उंचावरचं शहर, त्यामुळे बारा महिने सकाळी अंगात जाकीट लागतंच. ट्रान्समिलेनिओची ही बससेवा डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. बससाठी वेगळी राखीव मार्गिका, स्थानकात शिरतानाच तिकीट. पुण्यात २००६ साली कात्रज ते स्वारगेट बीआरटी धावू लागली तेव्हा याच बोगोताचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं.

आता गर्दीतल्या पाठपिशव्या बघा. एकही पाठीवर नाही. कॉलेजची पोरं, बँकेत निघालेले कारकून, बाजारहाट करून परतणाऱ्या आज्या, सगळ्यांनी पिशवी पुढे घेतलीय आणि दोन्ही हात तिच्यावर. खिडकीशी उभ्या मुलीचा फोन वाजतो. ती नाव बघते आणि फोन परत आत टाकते. दार उघडं असताना खिडकीशी फोन काढायचा नाही, हे तिला कुणी आज शिकवलेलं नाही.

ही शिकवण घराघरांत एका वाक्यात दिली जाते. नो दार पापाया. पपई द्यायची नाही.

(दृश्य: पालोकेमाओ बाजार. फळवाली पपई कापतेय.)

बोगोताच्या थंडीत पपई पिकत नाही. ती खालून येते, डोंगर उतरून गेल्यावर लागणाऱ्या गरम मुलखातून. पालोकेमाओच्या बाजारात पहाटेच तिचे ढीग लागतात. या बाईंचा हात बघा. सुरी टेकवली की आत जाते. ना साल अडवते, ना गर. एका दमात दोन फाका होतात, काळ्या बिया चमच्याने खरवडून काढल्या की फळ खायला तयार. कोपऱ्याकोपऱ्यावर प्लास्टिकच्या पेल्यांतून हेच तुकडे विकले जातात. कापायला इतकं सोपं फळ दुसऱ्याच्या हाती आपणहून ठेवायचं नाही, एवढंच ते वाक्य सांगतं.

कोलंबियात याला अकरावी आज्ञा म्हणतात. बायबलात देवाच्या आज्ञा दहा, ही त्यांच्या पुढची. आणि तिच्या पाठोपाठ बारावीही आहे: पापाया पुएस्ता, पापाया पार्तिदा. समोर मांडलेली पपई कापली जाणारच. अकरावी आज्ञा सांगते की सावध राहा, संधी देऊ नकोस. बारावी सांगते की संधी दिसली तर सोडू नकोस. ज्या घरात आई मुलाला पहिली शिकवते, त्याच घरात काका हसत हसत दुसरी शिकवतो. हा देश समजून घ्यायचा तर ही जोडगोळी एकत्रच बघावी लागते.

(दृश्य: एका शाळेचं फाटक. आई मुलाच्या जाकिटाची चेन लावतेय.)

आईच्या तोंडी हे वाक्य फार मायेचं असतं. बोगोतात कित्येक आया स्वतःच्या पोरांनाही अहो-जाहो करतात, ती तिथली जुनी रीत. तेव्हा मुलगा निघाला की ती म्हणते, “बाळा, पपई देऊ नका हं.” यात सगळं आलं. अंधारी गल्ली टाळा, रस्त्यात टॅक्सीला हात करू नका, अनोळखी माणसाने दिलेलं काही पिऊ नका. शेवटची सूचना वरवरची नाही. कोलंबियात स्कोपोलामीन नावाचं द्रव्य गुन्हेगार पेयात मिसळतात. माणूस वरून जागा दिसतो, पण सांगेल ते करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. टॅक्सीचंही तसंच. प्रवाशाला गाडीत कोंडून एका एटीएमवरून दुसऱ्या एटीएमवर फिरवतात, त्या प्रकाराला तिथे ‘लक्षाधीशाची सफर’ असं नाव पडलंय.

मित्रांच्या कट्ट्यावर मात्र हेच वाक्य चेष्टेचं होतं. कुणी चुकून बोलून गेला की काल रात्री बायको ओरडली, की त्याने पपई दिली. मग महिनाभर त्याची सुटका नाही. आणि फुटबॉलच्या मैदानावर तर पपई कशी दिली जाते ते साऱ्या जगाने पाहिलंय. २३ जून १९९०, इटलीतलं नेपल्स, विश्वचषक, कोलंबिया विरुद्ध कॅमेरून. जादा वेळ चाललेला. कोलंबियाचा गोलरक्षक रेने इगिता आपला गोल सोडून पार पुढे आलेला, चेंडू पायाशी. समोर अडतीस वर्षांचा रोजे मिला. इगिताने त्याला हुलकावणी द्यायचा प्रयत्न केला, मिलाने चेंडू काढून घेतला आणि रिकाम्या गोलकडे धावत सुटला. कॅमेरून २-१ ने जिंकलं. कोलंबिया स्पर्धेबाहेर.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. जळालेल्या ट्राम, १९४८.)

इतकी सावधगिरी लोकांच्या अंगात का मुरली? उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. ९ एप्रिल १९४८ रोजी लोकप्रिय नेते होर्हे एलिएसेर गाइतान यांचा भर दुपारी बोगोताच्या मध्यात खून झाला आणि शहर पेटलं. खेड्यापाड्यांत उदारमतवादी आणि पुराणमतवादी या दोन पक्षांतली कत्तल आधीच सुरू होती. ती पुढे दहा वर्षं चालली, सुमारे दोन लाख माणसं गेली. कोलंबियात त्या काळाला नुसतं ‘हिंसाचार’ असंच म्हणतात. मग गनिमी संघटना आल्या, निमलष्करी टोळ्या आल्या, कोकेनचा पैसा आला. देशाच्या सत्यशोधन आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार १९८५ ते २०१८ या काळात सशस्त्र संघर्षात सुमारे साडेचार लाख माणसं मारली गेली.

गावातून पळालेला शेतकरी शहराच्या बसस्थानकावर उतरायचा. डोक्यावर बोचकं, बरोबर बायको-मुलं, कनवटीला जनावर विकून आलेले पैसे. त्याच्यासाठी सापळा तयारच असे. त्याच्या पुढे चालणाऱ्या माणसाच्या खिशातून नोटांचं पुडकं पडतं. दुसरा एक सभ्य दिसणारा गृहस्थ ते उचलतो आणि हळूच म्हणतो, आपण दोघांनी पाहिलंय, वाटून घेऊ. पण आत्ताच उघडायला नको, मालक शोधत येईल. तोवर हे तुमच्याकडे ठेवा, विश्वासाखातर तुमच्या जवळचे पैसे माझ्याकडे राहू द्या. शेतकरी पैसे देतो. गृहस्थ कोपऱ्यावरून वळतो. पुडक्यात वर-खाली खऱ्या नोटा आणि मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे. याला तिथे ‘चिलीचं पुडकं’ म्हणतात. मुंबईतल्या जुन्या माणसांनाही ही हातचलाखी नवी वाटणार नाही. शेतकरी इथे दोनदा फसतो, कारण आपण लोभ धरला या शरमेपायी तो पोलिसांत जात नाही.

अशा फसवणुकीतून जो तरतो त्याचं कौतुक होणं साहजिक आहे. त्याला ‘आविस्पादो’ म्हणतात. आविस्पा म्हणजे गांधीलमाशी, तिच्यासारखा चलाख. आपल्या या चलाखीला कोलंबियन लोक ‘मालिसिया इंदिहेना’, म्हणजे आदिवासींची हुशारी, असंही म्हणतात, आणि अभिमानाने म्हणतात. स्पॅनिश राज्यकर्त्यांच्या तोंडावर मान डोलवायची आणि पाठ वळली की आपल्याला हवं ते करायचं, असं त्या हुशारीचं मूळ सांगितलं जातं. गंमत अशी की राज्यकर्त्यांचे स्वतःचे अधिकारीही तेच करत. राजाचा हुकूम वसाहतीत पोचला की ते म्हणत, हुकूम शिरसावंद्य आहे, पण अंमलात आणता येत नाही. कायदा एका बाजूला आणि जगणं दुसऱ्या बाजूला, ही फारकत तेव्हापासूनची.

(दृश्य: चौक. थांबलेल्या मोटारसायकली. हेल्मेटच्या पाठीमागे गाडीचा नंबर.)

या चौकात एक गोष्ट टिपून ठेवा. हेल्मेटवर गाडीचा नंबर लिहिलेला आहे. ३० एप्रिल १९८४ च्या संध्याकाळी न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांच्या मोटारीशेजारी एक मोटारसायकल आली आणि मागे बसलेल्याने गोळ्या झाडल्या. त्यानंतरच्या वर्षांत मोटारसायकलवरचे मारेकरी ही देशाची रोजची भीती झाली. माणूस गर्दीत नाहीसा होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर नंबर आला.

मोबाइल महाग होते त्या काळातली आणखी एक आठवण बोगोतात सगळे सांगतात. कोपऱ्यावर फोनची मिनिटं विकणारी एक बाई उभी असे, अंगात भडक रंगाचं जाकीट, त्यावर ‘मिनिटं’ असं लिहिलेलं. तिच्याकडे तीन-चार फोन, आणि प्रत्येक फोन बारीक साखळीने तिच्या कमरेला बांधलेला. गिऱ्हाईक फोनवर बोलत बोलत साखळी पुरेल तेवढंच लांब जाई. बाई हातातल्या घड्याळावर मिनिटं मोजी. कुणीच कुणाचा अपमान करत नसे. साखळी आहे म्हणूनच ती अनोळखी माणसाच्या हातात फोन देऊ शकत होती.

(दृश्य: १९९५. तोंडाला पांढरा रंग फासलेला मूकनट रस्ता ओलांडणाऱ्याची नक्कल करतोय.)

जानेवारी १९९५ मध्ये बोगोताला एक वेगळाच महापौर मिळाला. आंतानास मोकुस. गणित आणि तत्त्वज्ञान शिकलेले, राष्ट्रीय विद्यापीठाचे माजी कुलगुरू. त्यांचं म्हणणं होतं की कायदा, माणसाची सदसद्विवेकबुद्धी आणि समाजाची रीत या तिघांची कोलंबियात फारकत झाली आहे. चलाख माणूस कायदा मोडतो आणि लोक त्याला शाबासकी देतात. मग नुसते दंड वाढवून काय होणार?

त्यांनी चौकाचौकांत मूकनट उभे केले. कुणी गाडी झेब्रा पट्ट्यांवर घातली की मूकनट काचेशी जाऊन हात जोडी, गाडी ढकलून मागे नेण्याचा अभिनय करी. फुटपाथवरचे लोक हसत. दंडाची पावती खिशात घालून निघून जाणारा चालक या हसण्याने मात्र गाडी मागे घेई. मोकुस यांनी लोकांना साडेतीन लाख पत्ते वाटले, काहींवर अंगठा वर, काहींवर अंगठा खाली. कुणी नीट वागला की पहिला दाखवायचा, कुणी घुसला की दुसरा. ज्या ज्या जागी पादचारी मेला होता तिथे डांबरावर तारे रंगवले. दारूची दुकानं रात्री एकला बंद करायचा हुकूम निघाला. त्याला लोकांनी ‘गाजर कायदा’ म्हटलं, कारण सरळमार्गी माणसाला तिथे गाजर म्हणतात.

१९९३ मध्ये बोगोतात दर लाख लोकांमागे ८० खून होत. २००३ मध्ये, मोकुस यांची दुसरी कारकीर्द संपताना, हा आकडा २३ च्या आसपास आला. रस्त्यावरचे मृत्यू निम्म्यावर आले. सगळं श्रेय मूकनटांना देता येणार नाही. पोलीस सुधारले, मधल्या महापौरांनी बागा आणि फुटपाथ बांधले, देशही बदलत होता. पण मला त्यांची एक कृती सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्या कारकिर्दीत गनिमांनी महापौरांना जीवे मारायच्या धमक्या दिल्या, तेव्हा मोकुस यांनी चिलखती जाकीट वापरायला घेतलं आणि छातीवर, बरोबर हृदयाच्या जागी, बदामाच्या आकाराचं भोक कापलं. ते घालून ते महिनोन्महिने वावरले. पपई दिली, जाणूनबुजून दिली. समोरच्यावर विश्वास टाकायला कुणीतरी पहिलं पाऊल उचलावंच लागतं, आणि ते शहराच्या पहिल्या नागरिकाने उचललं.

(दृश्य: बोगोताचं राष्ट्रीय उद्यान, दिवसाउजेडी.)

याच शहरात हे वाक्य किती घातक होऊ शकतं, तेही दिसलं. मे २०१२. रोसा एल्विरा सेली ही पस्तीस वर्षांची बाई दिवसा रस्त्यावर मालविक्री करायची आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण रात्रशाळेत पुरं करत होती. एका रात्री वर्ग सुटल्यावर ती दोन वर्गमित्रांबरोबर बाहेर गेली. त्यांच्यातल्या एकाने तिला या उद्यानात आणून तिच्यावर अमानुष अत्याचार केला. जखमी अवस्थेत तिने स्वतः १२३ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. चार दिवसांनी ती गेली. हजारो लोक याच उद्यानात जमले, आणि २०१५ मध्ये स्त्रीहत्येला वेगळा गुन्हा ठरवणारा कायदा क्रमांक १७६१ मंजूर झाला. तो तिच्याच नावाने ओळखला जातो.

तिच्या कुटुंबाने सरकारी यंत्रणांवर दावा लावला होता. २०१६ मध्ये शहर प्रशासनाच्या एका विभागाने त्याला लेखी उत्तर दिलं. दोष सर्वस्वी तिचाच होता, वर्ग संपल्यावर ती त्या दोघांबरोबर गेली नसती तर आज तिच्या मृत्यूचा शोक करायची वेळ आली नसती, असा त्याचा आशय. ‘पपई’ हा शब्द त्या कागदावर नव्हता. त्याची गरजही नव्हती, वाचणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकू आला.

रोज घरातून निघताना मुलींना हेच वाक्य ऐकवणाऱ्या बोगोताने ते सरकारच्या तोंडून ऐकून घेतलं नाही. आई सांगते तेव्हा ती घाबरलेली असते आणि तिच्या हातात दुसरं काही नसतं. सरकारच्या हातात पोलीस असतात, दिवे असतात, १२३ वर आलेला फोन उचलून गाडी धाडायची ताकद असते. वर्तमानपत्रांत, रेडिओवर, रस्त्यावर लोक इतके संतापले की प्रशासनाने तो युक्तिवाद मागे घेतला आणि तिच्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली.