कूळ मालक झालं का?

मित्रहो, कूळ म्हणजे खंड (भाडं) देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा. कूळ कायद्यातली विक्री विलक्षणच म्हणायची. मालकाला विकायचं नव्हतं, कुळाने पैसे मोजले नव्हते, दस्त नोंदवायला कोणी गेलं नव्हतं. तरी १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, जमीन विकली गेली. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याच्या कलम ३२ ने ती विकली. (विदर्भ-मराठवाड्याचे कायदे वेगळे, आज त्यात शिरत नाही.)

मालकाचे वारस म्हणतात, ‘३२-ग ची चौकशीच झाली नाही, म्हणजे जमीन आमची.’ हे चालत नाही. मालकी कृषक दिनीच कुळाकडे गेली, ३२-ग मध्ये ठरते ती किंमत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगून ठेवलंय. किंमत तरी केवढी? साध्या कुळाला आकाराच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) २० ते २०० पट, कायम कुळाला खंडाच्या ६ पट. ती भरली की ३२-म चं प्रमाणपत्र. खरेदीचा तो निर्णायक पुरावा. मात्र ‘मला जमीन घ्यायची नाही’ असं कुळाने मामलेदारापुढे (म्हणजे तहसीलदारापुढे) सांगितलं, तर खरेदी निष्प्रभ ठरू शकते. म्हणून जुन्या फाइलीत अंगठा उठवलेला दोन ओळींचा जबाब दिसला, की मी आधी तो कोणी लिहून घेतला ते पाहतो.

खरी गुंतागुंत ३२-फ मध्ये. मालक अज्ञान (अल्पवयीन), विधवा किंवा अपंग असेल, तर कुळाची खरेदी पुढे ढकलली जाते. विधवेचा हक्क संपला की तिच्या वारसांना जमीन परत मागायला एक वर्ष, आणि ते सरलं की कुळाला खरेदीची नोटीस द्यायला एक वर्ष. पण मालकीणबाई मुंबईत वारल्या, हे राजापूरकडच्या कुळाला कळवायचं कोणी? तो इमानाने भात लावत राहतो, आणि मुदत गेली म्हणून हक्क बुडाला असं त्याला सांगितलं जातं. असे निकाल वर्षानुवर्षं लागले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं, की हक्क संपल्याचं वारसांनी कुळाला कळवलं पाहिजे. मला विचाराल तर फार उशिरा आलेला शहाणपणा.

‘हा कूळच नव्हे, गडी होता’ हा बचावही नेहमीचा. तो प्रश्न दिवाणी न्यायालय ठरवत नाही. कलम ७०(ब) खाली तहसीलदाराकडेच जावं लागतं. तिथे खंडाच्या पावत्या आणि पीकपाहणीच्या नोंदी बोलतात.

आणि प्रमाणपत्र मिळालं तरी कलम ४३ ची अट होतीच: परवानगीशिवाय विक्री नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून कुळाला ती जमीन दुसऱ्या शेतकऱ्याला विकता येते. अशी विक्री ठरली की मालकाच्या नातवंडांना आजोबांची जमीन आठवते, आणि साठ वर्षांपूर्वीचा फेरफार (मालकीबदलाची नोंद) पुन्हा अपिलात येतो.