बंदी घालण्याआधी

मुक्त स्रोत प्रकल्पातून, म्हणजे सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर मिळून घडवणाऱ्या गटातून, एखाद्याला बाहेर काढताना आपण त्याचं नेमकं काय हिरावून घेतो? पगार नाही, पदही नाही. दिवसभराची नोकरी करून, रात्री मुलं झोपल्यावर तो जे काम आवडीनं करायचा, ते काम. म्हणून मला हा विषय हलक्यानं घेता येत नाही.

एका लहान प्रकल्पात मी नियंत्रक होतो, म्हणजे लोकांच्या वागण्यावर लक्ष ठेवणारा. एका जुन्या कार्यकर्त्यानं नवख्या मुलीच्या पॅचवर (तिनं सुचवलेल्या कोडमधल्या बदलावर) लिहिलं, ‘हे वाचण्यात माझी संध्याकाळ फुकट गेली.’ तिनं पॅच मागे घेतला, पुन्हा फिरकली नाही. मी संतापून त्याच्यावर कायमची बंदी घातली. त्याला गेलेला निरोप दोन शब्दांचा होता: ‘आचारसंहितेचा भंग.’ कुठलं वाक्य, बंदी कधी उठेल, दाद कुणाकडे मागायची, काही नाही. त्यानं पत्र लिहून मलाच विचारलं, आणि त्या पत्राचा निकालही मीच देणार होतो! त्याचं लिहिणं वाईट होतं, यावर मी आजही ठाम आहे. पण मी जे केलं त्याला आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाची आचारसंहिता मी नंतर नीट वाचली. आधी ताकीद, मग चर्चेतून तात्पुरतं बाहेर, तरी तेच चालू राहिलं तर बंदी. पहिलीच चूक असेल आणि दुखावलेल्या माणसाची मनापासून माफी मागितली, तर बंदी उठू शकते. बंदी अन्यायाची वाटली तर दुसऱ्या नियंत्रकाकडे जाता येतं. नियंत्रकच चुकला तर त्याला इतरांपेक्षा कमी सवलत, हे कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तरीही नोव्हेंबर 2021 मध्ये रस्टच्या नियंत्रकांच्या संपूर्ण गटानं राजीनामा दिला. प्रकल्पाचं नेतृत्व करणारी कोअर टीम स्वतःखेरीज कुणालाच जाब देत नाही, तिच्यावर नियम लावताच येत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. 2023 मध्ये कोअर टीमच्या जागी लीडरशिप कौन्सिल आलं.

गुप्ततेचा प्रश्न याहून अवघड. जून 2019 मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं इंग्रजी विकिपीडियाच्या ‘फ्रॅम’ या प्रचालकावर (जादा अधिकार असलेल्या संपादकावर) वर्षभराची बंदी घातली. पुरावे समाजाला दाखवले नाहीत. निषेध म्हणून अनेक प्रचालकांनी अधिकार सोडले. शेवटी संपादकांनी निवडून दिलेल्या लवाद समितीनं कागदपत्रं पाहिली आणि सप्टेंबरात बंदी उठवली, प्रचालकपद मात्र परत दिलं नाही. तक्रारदाराचं नाव झाकायलाच हवं, पण निवाडा करणाऱ्या कुणा तिसऱ्यानं पुरावा पाहिलेला असावा, असं माझं मत आहे.

आमच्या प्रकल्पात मी ते प्रकरण दोन सहकाऱ्यांकडे सोपवलं. सगळं वाचून ते म्हणाले, तीन महिने पुरेत, आणि त्याला ते वाक्य दाखवून कळवा. मग त्यांनी विचारलं, ‘त्या मुलीला कुणी लिहिलं का?’

कुणीच लिहिलं नव्हतं. तिला मी त्याच रात्री पत्र लिहिलं.