मज्जा आटण्याआधी

(दृश्य: कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय, सकाळची ओपीडी. चंदगड, राधानगरीहून आलेल्या आया, मांडीवर पोरं.)

रांगेतली बरीच फिकट पोरं लोहाच्या औषधानं सुधारतात. पण एखाद्याच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही उतरलेल्या असतात. उंची कमी, अंगठा लहान किंवा वेडावाकडा, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग. इथं फॅन्कोनी ॲनिमियाची शंका यायलाच हवी.

गुइडो फॅन्कोनी या स्विस बालरोगतज्ज्ञांनी १९२७ साली तीन भावांमध्ये हा आजार नोंदवला. डीएनएचे दोन धागे एकमेकांत अडकले की ते सोडवणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली. पेशी मरतात, अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा गर, आटत जाते.

दोष वीसहून अधिक जनुकांपैकी कुठल्याही एकात असू शकतो. बहुतेक प्रकारांत तो आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करायची आपल्याकडची रीत ही शक्यता वाढवते. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणाऱ्यांनी जरा थांबावं.

उपाय म्हणजे मज्जा प्रत्यारोपण. सख्खं भावंड दाता म्हणून जुळण्याची शक्यता चारात एक. त्यासाठी पुणे, मुंबई नाहीतर वेल्लोरला बिऱ्हाड हलवायचं. त्याआधी जुनी मज्जा काढून टाकणारी केमोथेरपी या मुलांना फार कमी मात्रेतच सोसते, कारण तीही डीएनएवरच घाव घालते.

(दृश्य: प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक.)

माद्रिदच्या संशोधकांनी केमो वगळूनच पाहिली. मुलाच्याच मूलपेशी, म्हणजे रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी, काढल्या, लेंटिव्हायरस या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूमार्फत त्यांत चांगलं जनुक घातलं, पेशी परत दिल्या. पहिल्या चार मुलांचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आले. दुरुस्त पेशी टिकल्या, वाढल्या.

याचा सुगावा निसर्गानंच दिला होता. काही रुग्णांत एखादी मूलपेशी आपोआप सुधारते, आजारी पेशींपेक्षा जास्त तगते आणि हळूहळू मज्जा व्यापते. मग जुनं पीक नांगरून काढायची गरजच काय?

पण आटलेल्या मज्जेत काढायला पेशीच पुरेशा सापडत नाहीत. उपचार अजून चाचण्यांच्या पातळीवर आहे, आणि तो फक्त रक्तापुरता. तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका तसाच राहतो.

म्हणून आधी निदान. रक्तपेशींवर मायटोमायसिन-सी हे डीएनएचे धागे अडकवणारं औषध टाकून गुणसूत्रं किती तुटतात ते पाहतात. ही तपासणी भावंडांचीही करायची, ती धडधाकट दिसली तरी. ज्याला दाता म्हणून पुढं केलं, तोच कधी रुग्ण निघतो.