चहा, प्रायश्चित्त आणि तारण

(दृश्य : गुरुवार पेठ, सकाळची वेळ. दुचाक्या, भाजीच्या हातगाड्या. कॅमेरा हळूहळू वर जातो, पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यावर थांबतो.)

या भागात पत्ता विचारला की लोक अजूनही ‘पंचहौदाच्या जवळ’ असंच सांगतात. समोरचं चर्च म्हणजे पवित्र नाम देवालय, १८८५ सालचं. पण शाळेच्या पुस्तकापासून नाटकापर्यंत पंचहौद मिशन मराठी माणसाला माहीत आहे ते उपासनेमुळे नव्हे, चहामुळे.

१८९० चा ऑक्टोबर महिना. मिशनच्या आवारात जमलेल्या पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी होती. चहा आणि बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापवली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं, म्हणजे ख्रिस्त्यांकडचा चहा घेणाऱ्यांना जातीबाहेर टाकायचा वाद. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. आपण काशीत प्रायश्चित्त घेतलेलं आहे, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्याच सुधारक मित्रांना ते फार लागलं.

एका कपाची ही गोष्ट आपण हसत हसत सांगतो. पण तिच्या पोटातला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लागलेला दोष जातो कशाने? विधी केल्याने, दक्षिणा दिल्याने, की आतून काही बदलल्याने? आणि दोष गेला, हे ठरवायचं कोणी?

गंमत अशी की ज्यांच्या आवारात हा चहा झाला, त्यांच्या धर्मात याच प्रश्नावरून पावणेचारशे वर्षांपूर्वी युरोप दुभंगला होता.

(दृश्य : जुन्या जर्मन छापखान्यांची रेखाचित्रं. नाण्यांचा आवाज.)

जर्मनीत तेव्हा पापक्षमापत्रं विकली जात होती. रोममध्ये संत पेत्राचं मंदिर नव्याने उभं राहत होतं आणि त्याला पैसा हवा होता. शास्त्राप्रमाणे या पत्राने पाप माफ होत नसे, माफ झालेल्या पापाची उरलेली शिक्षा तेवढी कमी होई. पण बाजारात उभं राहून हा बारकावा कोण समजावत बसतो? लोकांना कळलं ते एवढंच, की पैसे टाका आणि सुटा. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरने या विरोधात ९५ मुद्दे मांडले. पुढे त्याचं म्हणणं आणखी टोकदार झालं : माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, कृत्यांनी नव्हे. १५२२ मध्ये त्याने बायबलातल्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर काढलं, तेव्हा त्यातल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला. केवळ विश्वासाने. एका शब्दावरून गहजब झाला, पण ल्यूथर मागे हटला नाही. आणि कृत्यांचा आग्रह धरणाऱ्या याकोबाच्या पत्राला तो पेंढ्याचं पत्र म्हणाला!

(दृश्य : नाना पेठेतल्या एका घरातलं जेवणाचं टेबल. पानं मऊ पडलेलं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. पेन्सिलीच्या खुणा.)

ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बघू. एकीकडे पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय चौथा. दुसरीकडे याकोब, अध्याय दुसरा. दोघांचा साक्षीदार एकच, अब्राहाम. वचनही एकच, ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातलं : अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून धरलं गेलं. पौल म्हणतो, बघा, सुंता व्हायच्या आधीच तो नीतिमान ठरला होता, मग सुंतेची अट कशाला? याकोब सात अध्याय पुढे जातो, मुलाला वेदीवर ठेवणारा अब्राहाम दाखवतो आणि विचारतो, हे केलं नसतं तर त्या विश्वासाला विश्वास कोण म्हणालं असतं?

म्हणजे एकाच साक्षीदाराची दोन वकिलांनी घेतलेली उलटतपासणी. पण वकिलांसमोर प्रतिवादी वेगवेगळे आहेत, हे आमच्या मते भांडणाच्या भरात विसरलं जातं. पौलासमोर आहेत ते परजातीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, यहुदी नियमशास्त्राचं ओझं लादणारे. याकोबासमोर आहे तो उघड्यानागड्या, उपाशी माणसाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव’ असं म्हणून दार लावून घेणारा. असा माणूस कुठल्या पेठेत नसतो?

आणखी एक गोष्ट खास मराठी वाचकासाठी. ग्रीकमध्ये पौल आणि याकोब दोघांचाही शब्द एकच आहे, ‘एर्गा’. आपल्याकडे प्रचलित असलेल्या पवित्र शास्त्रात मात्र पौलाच्या तोंडी ‘कर्मे’ येतात आणि याकोबाच्या तोंडी ‘क्रिया’. ‘कर्म’ म्हटलं की मराठी कानाला कर्मकांड ऐकू येतं, शिवाय मागच्या जन्माचा हिशेबही. ‘क्रिया’ म्हटलं की हातून घडलेलं काम. ल्यूथरने एक शब्द वाढवून भांडण पेटवलं. मराठीत एकाचे दोन झाले आणि भांडणाची धार थोडी बोथट झाली. मुद्दाम झालं की ओघात, ते बाजूला ठेवू. मराठी ख्रिस्ती माणूस ही दोन पानं सलग वाचताना त्याला ठेच कमी लागते, एवढं खरं.

(दृश्य : नगर रस्ता, रामवाडीचा सिग्नल. मग बिबवेवाडीचा चढ.)

कॅथलिक माणूस पुण्य जमवून स्वर्ग विकत घेतो, हा समज ल्यूथरच्या वाटेने गेलेल्या प्रोटेस्टंट घरांत अजून ऐकू येतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेतला १५४७ चा, तारणाविषयीचा (पापातून सुटकेविषयीचा) पहिलाच नियम वाचला तर तो टिकत नाही : देवाच्या कृपेवाचून, स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याचा तिथे धिक्कार आहे. अर्थात नववा नियम ‘केवळ विश्वासा’चाही धिक्कार करतो. कृपा आधी, हे दोघांनाही मान्य. त्या कृपेला माणसाने दिलेली साथ हिशेबात धरायची की नाही, वाद तिथे आहे.

पुण्यात या दोन्ही बाजूंची धर्मविद्यालयं एका बसच्या अंतरावर आहेत. नगर रस्त्यावरची कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली, बिबवेवाडीची प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून. १९९९ साली, पुन्हा ३१ ऑक्टोबरलाच, जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी या प्रश्नावरच्या एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. घोषणा चांगली आहे, भाषा समित्यांची आहे. आपण पुढे जाऊ.

(दृश्य : दौंडकडे निघालेली गाडी. खिडकीबाहेर उसाची शेतं. केडगाव स्थानक.)

कारण हा वाद कागदावर नाही, एका आयुष्यात पाहायचा असेल तर केडगावला उतरावं लागतं.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तीर्थयात्रा, पुराणकथन, उपासतापास, दानधर्म, यांत या कुटुंबाने काही कमी ठेवलं नाही. जवळचं होतं ते पुण्य मिळावं म्हणून देऊन टाकलं. मग दुष्काळात आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. कृत्यांचं ओझं काय असतं, हे या बाईला कोणा पाद्र्याने शिकवायची गरज नव्हती.

इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या, त्याही एका कृत्यामुळे. लंडनजवळ फुलम इथे वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत होत्या, तो त्यांनी पाहिला. वाट चुकलेल्या बाईला इतक्या मायेने वागवतात, हे बघून त्या चकित झाल्या. १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला. १८९० मध्ये, म्हणजे पंचहौदाचा चहा गाजत होता त्याच वर्षी, त्यांचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं.

आणि याच सुमारास, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही. नियम पाळत होतो, उपासना करत होतो, म्हणजे जुनीच वही नव्या जिल्दीत चालू होती. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणी सांगितलंय. तारण हे दान आहे, ते कमवायचं नसतं, असा त्यांचा निवाडा झाला. ल्यूथरच्या बाजूचा, शंभर टक्के.

आता कृत्यांनी तारण नाही असं मानणारी ही बाई पुढे काय करते ते पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणते. केडगावच्या माळावर विहिरी खणवते. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली येतात. केडगावच्या त्यांच्या ‘मुक्ती’ या आश्रमाच्या आवारात माग चालतात, तेलघाणा फिरतो, अंध मुलींना ब्रेल शिकवलं जातं. स्वतः ग्रीक आणि हिब्रू शिकून त्या अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणायला बसतात, तेही साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत. याकोबाला याहून जास्त काय हवं होतं?

(दृश्य : शिशाचे खिळे, लाकडी खण. हात जवळून.)

छपाई मुक्तीतच झाली. खिळे जुळवायला मुलीच. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे ओळ वाचायची उलटी आणि बोटांनी ओळखायचे ते काने, वेलांट्या. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ छापून आला तो त्यांच्या पश्चात. हाताने जुळवणी म्हणजे एक फर्मा छापून झाला की खिळे धुवायचे, पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे आणि पुढचं पान घ्यायचं. रोमकरांस पत्राचे सुटे झालेले खिळे असेच खणात परत जात, आणि थोड्या दिवसांनी कोणीतरी मुलगी त्याच खणांतून याकोबाचं पत्र जुळवायला घेई.

(दृश्य : खण बंद होतो. बाहेर दौंडची गाडी शिटी देते.)