डाव्या पानावरची नोंद

मंडळी, नाशिकमध्ये धावण्याचा विषय काढला की सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव येतंच. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, आपण ढोल वाजवले, चौकाचौकांत फलक लावले. योग्यच केलं. आज मात्र मी अजून एकही मोठं पदक नसलेल्या मुलीबद्दल बोलणार आहे. नाव सांगत नाही. ती इथे बसली असेल तर उठून पळेल, आणि ती पळाली की कुणाच्या हाती लागत नाही.

पेठ तालुक्यातली मुलगी. पाच हजार मीटर धावते, बी.ए.ला राज्यशास्त्र. महाविद्यालयाने तिला विद्यार्थी परिषदेवर खेळाची प्रतिनिधी म्हणून घेतलं. घेतलं म्हणजे नेमलं. 1994च्या कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका थांबल्या आणि पुढे वीस-बावीस वर्षं गुणपत्रिका बघून प्रतिनिधी ठरत गेले. 2016च्या विद्यापीठ कायद्यात निवडणूक परत आली, पण खेळाचा प्रतिनिधी प्राचार्यांनीच नेमायचा. नेमलेल्याने काय करायचं? गॅदरिंगला पाहुण्यांच्या हातात बुके द्यायचा. मी क्रीडाशिक्षक, मीही तिला हेच सांगितलं होतं. आता लाज वाटते.

पहिल्याच बैठकीला ती सरावाची वही घेऊन आली. शंभरपानी, कोपरे घामाने फुगलेले. उजव्या पानावर फेऱ्या, वेळ, सकाळची नाडी. डाव्या पानावर वेगळंच: ‘पहाटे 5:10. ट्रॅकच्या वळणावरचे तीन दिवे बंद.’ खाली, ‘चार दिवस विद्यापीठ स्पर्धा. हजेरीपटावर गैरहजर.’ दोन महिने रोजची नोंद. तुमच्यापैकी जे गोल्फ क्लबवर चालायला जातात, ते उजाडल्यावर जातात. अंधारातला ट्रॅक कुणाला दिसणार?

हजेरीचं दुखणं मोठं होतं. कॉलेजचाच बिल्ला छातीवर लावून धावायचं आणि परत आल्यावर ‘75 टक्के भरत नाहीत’ म्हणून नोटीस घ्यायची. लिंगडोह समितीनेही 2006 साली विद्यार्थी निवडणुकीच्या उमेदवाराला किमान 75 टक्के हजेरीची अट घातली. म्हणजे जास्त धावलीस तर निवडणुकीलाही उभी राहू नकोस! तिने भाषण केलं नाही. स्पर्धेचे दिवस हजर धरावेत, क्रीडा विभागाने आठवड्याच्या आत तारखांची यादी सही करून द्यावी, एवढं अर्ध्या पानावर लिहून आणलं. ‘नियमात बसत नाही,’ असं उत्तर आलं. ती म्हणाली, ‘सर, तो नियम मला वाचायला द्या.’ तो शोधता शोधता कार्यालयाचे पंधरा दिवस गेले. न बसणारा नियम सापडलाच नाही. यादीची पद्धत सुरू झाली.

दिवे कॉलेजचे नव्हते. अर्ज दिला, उत्तर नाही. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज. तिसाव्या दिवशी, अगदी तिसाव्याच, कागद आला: दुरुस्तीचा खर्च कोणत्या विभागाने करायचा हे न ठरल्याने प्रस्ताव प्रलंबित. तो कागद घेऊन ती दोन्ही विभागांत गेली, एकाच दिवशी, सकाळी एक आणि दुपारी दुसरा. तीनपैकी दोन दिवे लागले.

या धावपळीत दोन आठवड्यांचा इंटरव्हलचा, म्हणजे थांबत-थांबत जोरात धावण्याचा, सराव बुडाला. त्यानंतरच्या स्पर्धेत ती चौथी आली आणि मी तिच्यावर चिडलो. तिने काही न बोलता वही पुढे केली. बुडालेल्या सरावाचा हिशेब तिने आधीच मांडला होता, उजव्या पानावर.