शेपटी बघा, बोटं मोजा : सोलापुरात पहिला गेको घेताना

[पांढऱ्या कागदावर गेको. कॅमेरा शेपटीच्या टोकापासून मानेपर्यंत सरकतो.]

डोक्याकडे नंतर बघू. आधी शेपटी.

हा आफ्रिकन फॅट-टेल गेको, पालीचा नातेवाईक. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, जमिनीवर राहणारा, रात्री हिंडणारा. अंगातली चरबी तो शेपटीत साठवतो, उंटाच्या मदारीसारखी. पोट भरलेल्या, निरोगी गेकोची शेपटी मुळाशी निदान मानेइतकी जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. शेपटी काडीसारखी झाली असेल, कमरेची हाडं वर आली असतील, तर तो जंताने पोखरलेला असतो, नाहीतर आठवडेच्या आठवडे उपाशी असतो. रंग कितीही देखणा असो, असा गेको परत ठेवा.

[दुसरा गेको. शेपटी आखूड, गोल, गुळगुळीत.]

याची शेपटी एकदा तुटून पुन्हा आलेली आहे. नवी शेपटी अशीच येते, मुळ्यासारखी, वळ्या नसलेली. हा आजार नाही. बाकी सगळं चांगलं असेल तर असा गेको बिनधास्त घ्या. मात्र एकाच डब्यात चार-पाच गेको आणि त्यातल्या दोघा-तिघांच्या शेपट्या तुटलेल्या दिसल्या, तर विकणाऱ्याने त्यांना दाटीवाटीने कोंबून ठेवलंय, हे लक्षात घ्या.

[पुढच्या पायाचा पंजा, अगदी जवळून. बोटाला राखाडी कडं.]

आता बोटं मोजा. एका पायाला पाच, एकूण वीस, आणि प्रत्येकाला नख. घरातल्या पालीच्या बोटांना भिंतीला चिकटणाऱ्या गाद्या असतात, तशा याला नसतात. हा काचेवर चढत नाही.

या बोटाभोवतीचं राखाडी कडं नीट बघा. ही अडकून राहिलेली कात आहे. हवा कोरडी असली की बोटावरची कात सुटत नाही. वाळून आवळत जाते, बोटाला करकचून दोरा बांधावा तशी. पुढच्या कातीला त्यावर दुसरा थर बसतो. रक्त पोचायचं थांबतं, बोट काळं पडतं आणि गळून जातं. ताजं कडं कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय भिजवून ओल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच सोडवता येतं. पण दुकानातल्या गेकोच्या तीन-चार बोटांना कडी असतील तर त्याच्याकडे बरेच दिवस कुणी पाहिलेलं नाही.

[गेको टेबलावर चालतो. कॅमेरा टेबलाच्या पातळीवर.]

त्याला चालू द्या. पोट जमिनीपासून सुटलेलं हवं, पाय सरळ हवेत. ढोपरं बाहेर वाकलेली असतील, पोट घासत असेल, खालचा जबडा रबरासारखा मऊ लागत असेल, तर कॅल्शियम आणि डी3 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडं मऊ, कमकुवत झालेली आहेत. उपचाराने हा आजार थांबतो, वाकलेलं हाड सरळ होत नाही.

[डोळा. पापणी मिटते, उघडते.]

पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळा पुसते. याला पापण्या आहेत. दोन्ही डोळे सारखे उघडे आणि पाणीदार हवेत. पापणीखाली पिवळट खडा नको, नाकपुडीशी बुडबुडा नको, शेपटीखालच्या शी करायच्या जागेला वाळलेली घाण नको.

हे सगळं संध्याकाळनंतर बघा. दिवसा धडधाकट गेकोसुद्धा सुस्त पडून असतो.

[डिजिटल काटा, त्यावर प्लास्टिकचा डबा. आकडा 24 वर थांबतो.]

वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होतं. अंड्यातून नुकतंच आलेलं, तीन-चार ग्रॅमचं पिल्लू पहिल्यांदा पाळणाऱ्याने घेऊ नये. त्यात चुकायला जागाच नसते. 15 ग्रॅमच्या वरचा घ्या. हा 24 ग्रॅमचा आहे.

मग विकणाऱ्याला सांगा, माझ्यासमोर एक रातकिडा खाऊ घाला. कां-कूं झाली तर दुसरीकडे बघा. बाकी विचारायचं ते एवढंच : अंड्यातून कधी बाहेर आला, आई-बाप कोणते, आत्ता काय खातो, शेवटची कात कधी टाकली. ज्याने घरी पैदास केली आहे तो तारखा घडाघडा सांगतो, आई-बापही दाखवतो. जंगलातून पकडून आणलेल्या जनावराच्या अंगावर जुने ओरखडे असतात, कातडीच्या घड्यांत गोचीड असते आणि आई-बाप कुणालाच ठाऊक नसतात. पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घ्या : हेमिथेकोनिक्स कॉडिसिंक्टस.

[नान्नजचा माळ. वाळलेलं गवत, दगड.]

हे नाव लिहून घ्यायचं कारण या माळांवर आहे. लेपर्ड गेकोचा एक भाऊबंद, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्रातलाच. तो वन्य प्राणी आहे. दगडाखालून उचलून आणायचा नाही आणि कुणी आणून दिला तरी घ्यायचा नाही. दुकानात मिळणाऱ्या लेपर्ड गेकोचं मूळ क्षेत्रही भारताच्या वायव्य भागापर्यंत येतं, म्हणूनच इथे फॅट-टेल निवडला आहे. टोके ही गेकोची आणखी एक जात 2019 पासून सायटिसच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्या 2022 च्या दुरुस्तीत नव्याने लावल्या गेल्या. पैसे देण्याआधी शास्त्रीय नाव लिहून वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

[दुपार. रिकामी काचेची पेटी, आत दोन थर्मामीटर.]

ही पेटी रिकामी आहे. गेको यायच्या आठवडाभर आधी ती चालू करायची. लांबी 90 सेंटिमीटर, रुंदी 45. उंचीला फारसं महत्त्व नाही.

एका टोकाची जमीन 32 अंश हवी, दुसऱ्या टोकाला 25 ते 28. पुस्तकं गरम टोकाबद्दल भरभरून सांगतात. सोलापुरात अडचण थंड टोकाची आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, आणि खोलीच 36 अंश असली तर पेटीतला कोपरा न् कोपरा 36. गेकोला घाम येत नाही. सरकायला थंड जागा नसेल तर तो मरतो.

म्हणून पेटी खालच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत सोडून, फरशीला लागून ठेवा. पत्र्याच्या खोलीत नको. कूलरचा झोत थेट काचेवर घेऊ नका, खोली गार होऊ द्या. रोज दुपारी 3 वाजता थंड टोकाचा आकडा वहीत लिहा. सात दिवसांत तो एकदाही 30 च्या वर गेला तर गेको आत्ता आणू नका. पाऊस पडून हवा उतरू द्या. न्यू कॅलेडोनियाचा क्रेस्टेड गेको तर 28 अंशांतच कासावीस होतो. रात्रंदिवस एसी नसेल तर सोलापुरात त्याचा विचारच नको.

पावसाळ्यात आणि थंडीत हीट मॅट लागते. पेटीखाली, एक-तृतीयांश भागात, आणि थर्मोस्टॅटसकट. थर्मोस्टॅट नसलेली मॅट पोट भाजते.

[झाकणाला भोक पाडलेला डबा. आत ओलं कोकोपीट.]

हा ओला डबा. भोक पाच सेंटिमीटरचं, कडा पॉलिशपेपरने घासलेल्या. आतलं कोकोपीट मुठीत दाबलं तर पाणी टपकू नये, पण गोळा टिकावा. मघाशी बोटावर दिसलेलं कडं हा डबा टाळतो. खाली साधा कागद अंथरा. टेरी टॉवेल गावात हवा तेवढा मिळतो, पण त्याच्या फाशांत नखं अडकतात. टॉवेल नको.

[रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवले जातात.]

किडा गेकोच्या दोन डोळ्यांतल्या अंतरापेक्षा मोठा नको. आदल्या दिवशी त्याला गाजर खाऊ घाला, देताना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवा, आठवड्यातून एकदा डी3 असलेल्या. शेतातले, बागेतले किडे नकोत, त्यांच्यावर औषध फवारलेलं असतं. काजवा तर कधीच नको, तो विषारी आहे.

[रात्रीचा बसस्टँड. मांडीवर डबा.]

पुण्याहून किंवा हैदराबादहून आणायचा तर रात्री आणा, स्वतः, हवेला भोकं पाडलेल्या डब्यात टिश्यू घालून. डिकीत पार्सल नको. पहिल्या आठवड्यात ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन चोवीस तासांच्या आत पशुवैद्याकडे जंततपासणीला द्या. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. एका पेटीत एकच गेको.

[रात्र. पेटीतला मंद उजेड.]

पहिले पाच दिवस हात लावायचा नाही. पाण्याची वाटी भरायची आणि बाजूला व्हायचं. पाचव्या रात्री एक रातकिडा सोडा.

मान वर येते. शेपटीचं टोक आधी सावकाश, मग भराभर थरथरतं.

[निवेदन थांबते. झडप.]